‘ताई, गॅरंटीने पहिल्या नंबरला आणतो’

2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय, बाहेरगावची गिऱ्हाइकं गूगलवरच शोधणार, तुमचं घंगाळ पहिल्या नंबरला आणून देतो, लेखी गॅरंटी! असं म्हणत कुणी दुकानाची पायरी चढला तर सावध व्हा. नाशिकच्या भांडी बाजारात सासऱ्यांचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, ऑनलाइनचं मी बघते. असंच सांगत आलेल्या एका एसईओवाल्याने (एसईओ म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायचं काम) आमच्याकडून सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले.

दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट यायचा. त्यात आमचं नाव पहिलं, शेजारी हिरवा बाण. पण शोधलेला शब्द कोणता, तर ‘नाशिक भांडी बाजार हातठोक्याचं तांब्याचं घंगाळ बारा लिटर’. एवढं कोण टाइप करतं? त्या ओळीला दुसरं कुणी स्पर्धेतच नाही. नुसतं ‘तांब्याचं घंगाळ’ टाकलं की आमचा पत्ता नाही. एका स्क्रीनशॉटवर तर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ होतं, म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. बिलात ‘कीवर्ड टॅग भरणे’, म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची यादी टाकणे, ही वेगळी रक्कम होती. तो टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय.

खरा घोळ वस्तूंच्या पानांवर होता. पुतण्याने समईच्या पानावर सहज कंट्रोल-ए (पानावरचं सगळं निवडायची कळ) दाबलं आणि खाली कोऱ्या दिसणाऱ्या जागेत निळ्या पट्टीवर अक्षरं उमटली: पुणे, ठाणे, सुरत, इंदूर, पुन्हा पुणे... पांढऱ्यावर पांढरी अक्षरं! गूगलच्या नियमांत हे सरळ स्पॅम, म्हणजे फसवणूक, ठरतं. पकडलं तर पान खाली ढकललं जातं, नाहीतर शोधातूनच बाहेर. शिवाय प्रत्येक वस्तूला रेटिंगचे खोटे तारे आणि कुठून तरी उचललेले अभिप्राय. आमच्या पितळी पातेल्याखाली एका बाईंनी लिहिलं होतं, ‘कापड मऊ आहे, धुतल्यावर रंग गेला नाही’. सासऱ्यांना वाचून दाखवलं तर हसावं की रडावं कळेना.

खोट्या ताऱ्यांबद्दल गूगलची कारवाई होऊन गेली होती, शोधातले तारे गेले होते. तो इशारा सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या खात्यात येतो, आणि ते खातं या एसईओवाल्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं. आम्हाला दिसणार कसं? होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलीय तिथला, पासवर्ड आमच्याकडे होता म्हणून साइटवर पडताळणीची फाइल चढवून मालकी घेता आली, त्याची फाइल काढून टाकली, मग त्याला हटवलं. हे खातं फुकट असतं. ते आपल्या ईमेलवर उघडायचं आणि एसईओवाल्याला फक्त वापरकर्ता म्हणून घ्यायचं. आणि महिन्याच्या रिपोर्टऐवजी त्यातला ‘परफॉर्मन्स’ तक्ता स्वतः बघायचा: लोकांनी खरोखर कोणते शब्द टाकले, किती वेळा पान शोधात दिसलं, किती वेळा त्यावर क्लिक झालं, सगळं तिथे असतं.

पानं आता मीच लिहिते. वजन, किती लिटर, पत्रा किती जाड, आतून कल्हई आहे का, चिंचेने घासलं तर चालेल का. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेच. छुपी अक्षरं, खोटे तारे काढून गूगलकडे फेरतपासणीचा अर्ज केलाय. पैशांसाठी 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र अजून त्या एसईओवाल्याच्याच नावावर आहे आणि ते सोडायचे तो वेगळे पैसे मागतोय.