बर्फ बघायला निघालो आणि ४,६९,००० बुडाले: नाशिककरांनो, पावती नीट बघा

आधीच सांगते, परदेशी टूरच्या नावाखाली आमचे पैसे खाणाऱ्या एजंटच्या ऑफिसचं नाव लिहिणार नाहीये, वकिलांनी सांगितलंय केस चालू असताना नाव टाकू नका, उलट तोच बदनामीची नोटीस पाठवेल. कॉलेज रोडवर काचेचं ऑफिस, आत एसी, भिंतीवर जगाचा नकाशा आणि मालदीवच्या निळ्या पाण्याचं मोठं पोस्टर, एवढं वर्णन केलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पैसे घ्यायचे, बुकिंगचे कागद दाखवायचे आणि गायब व्हायचं, ही स्कीम सगळ्यांना माहितीये, त्यामुळे "अगं असं कसं फसलात" हा प्रश्न कृपया विचारू नका, घरात रोज ऐकतेय.

आम्ही चौघं, मी, मिस्टर आणि दोन मुलं. मुलांना बर्फात स्कीइंग करायचं होतं. सासरे म्हणत होते गुलमर्गला जा, तिथेही तेवढाच पांढरा बर्फ असतो, पण नाही, परदेशी जायचं होतं. स्वित्झर्लंडचा विचार केला तर शेंगेन व्हिसाचीच फी मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय अपॉइंटमेंटची मारामारी, म्हणून जॉर्जिया ठरलं. गुदौरी म्हणून ठिकाण आहे, तिबिलिसीपासून साधारण १२० किलोमीटर, दोन हजार मीटरच्या वर, डिसेंबर ते एप्रिल स्कीइंगचा सीझन. ई-व्हिसा घरबसल्या होतो. जानेवारी २०२५ चा पहिला आठवडा धरला. हे सगळं मी स्वतः वाचून काढलं होतं, म्हणजे डोळे झाकून गेलो असं कोणी समजू नये.

या एजंटचा रेट माणशी ७४,५००, चौघांचे २,९८,०००. आता इथे लगेच लोक म्हणतात स्वस्ताला भुललात. अहो तीन ठिकाणचे कोटेशन घेतले होते, बाकी दोघांचे ८२ आणि ८५ हजार होते. ७४,५०० म्हणजे काही फुकट नाही. फसवणारा आता तीस हजारात युरोप देत नाही, तो बाजारभावापेक्षा थोडंसंच कमी सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटावं आपण चांगला भाव पाडून घेतला. आणि हा माणूस मिस्टरांच्या कंपनीतल्या एकाला आदल्या वर्षी बालीला खरंच नेऊन आणलेला होता, त्यांचे फोटो आम्ही पाहिले होते. मग कोणावर विश्वास ठेवायचा?

पैसे असे दिले. ऑक्टोबरमध्ये बुकिंगचे ५०,००० यूपीआयने फर्मच्या नावावर. दिवाळीनंतर १,४८,००० एनईएफटी, तेही फर्मच्याच खात्यात. मग "एअरलाइनचं पेमेंट आजच जायला हवं, फर्मच्या खात्याची लिमिट संपली" म्हणून १,००,००० त्याच्या बायकोच्या सेव्हिंग खात्यात. वर स्नोमोबाइल, गंडोला म्हणजे केबल कार, स्कीचा इन्स्ट्रक्टर आणि इन्शुरन्स मिळून ३२,००० वेगळे. झाले ३,३०,०००. आणि याच दरम्यान मी शहाणीने नणंदेला पण त्याच्याकडे पाठवलं, त्यांच्या लग्नाला दहा वर्षं होत होती म्हणून मालदीव, दोघांचे १,६४,०००. एकूण ४,९४,०००. परत आले २५,०००. बाकीचं गणित शीर्षकात आहे.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडालीय ती सांगते. मी एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, लोकांची रिटर्न्स भरणं, टीडीएस, जीएसटी हेच रोजचं काम. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ गोळा केलेला इन्कम टॅक्स, घ्यायचा असतो, तेव्हा ७ लाखांपर्यंत ५ टक्के होता, आणि तो गिऱ्हाइकाच्या पॅनवर जमा करायचा असतो. पॅन दिला नाही तर रेट दुप्पट. हे मी क्लायंटना तोंडपाठ सांगते. आणि या माणसाने आमचे पासपोर्ट घेतले, फोटो घेतले, पॅन मागितलाच नाही! मी विचारलं बरं का. हो, विचारलं होतं, उगीच नाही म्हणत. तर हसून म्हणाला, "ताई, तुम्ही तर आपल्याच लाइनमधल्या, तुम्हाला काय सांगायचं, टीसीएस दाखवला की तुमचे १४,९०० रिटर्न भरेपर्यंत अडकून पडणार, राहू द्या, मी माझ्या साइडने ॲडजस्ट करतो." आणि मी खूश. त्या खुर्चीत बसून मी खूश झाले होते, चहा पण प्यायले. १४,९०० वाचले म्हणून! ते पैसे वाचत नसतातच, रिटर्नमध्ये टॅक्समधून वजा होतात नाहीतर रिफंड येतो, हे मला माहिती नव्हतं का? पण "आपल्याच लाइनमधल्या" म्हटलं की माणूस कसा फुगतो बघा. जो माणूस सरकारकडे तुमचा टीसीएस भरत नाही त्याला तुमचं बुकिंग कागदावर कुठेच दिसायला नको असतं, इतकं साधं आहे ते.

पावती म्हणून जे दिलं त्यावर वर "प्रोफॉर्मा" लिहिलेलं, म्हणजे पक्कं बिल नाही, नुसता अंदाजाचा कागद. टॅक्स इन्व्हॉइस नाहीच. खाली जीएसटी नंबर छापलेला, २७ ने सुरू होणारा, पंधरा अक्षरी, व्यवस्थित. क्लायंटच्या पार्ट्यांचे असले नंबर मी दिवसभर पोर्टलवर टाकून चेक करते, स्वतःचे पैसे देताना केला नाही. नंतर टाकला तर रजिस्ट्रेशन कॅन्सल, तेसुद्धा डिपार्टमेंटनेच केलेलं. फुकट आहे हो ते, लॉगिनसुद्धा लागत नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. करा.

बरं, त्याने कागद खोटे दिले असते तर तेव्हाच पकडला असता. कागद खरे होते. पीएनआर दिला, मुंबई-दोहा-तिबिलिसी, आम्ही एअरलाइनच्या साइटवर टाकला, चौघांची नावं, तारखा, सगळं बरोबर उघडलं. मिस्टर म्हणाले बघ, उगाच शंका घेतेस. पण पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. एजंट लोक सीट नुसती होल्ड करून ठेवू शकतात, पैसे न भरता, मुदत संपली की ते आपोआप उडतं. तिकीट निघालं असेल तर त्याचा १३ आकडी ई-तिकीट नंबर असतो, प्रत्येक माणसाचा वेगळा. आमच्या कागदावर सहा अक्षरी पीएनआर होता आणि तो १३ आकडी नंबर कुठेच नव्हता. हॉटेलचं पण तेच, फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग करायचं, व्हाउचर व्हॉट्सॲपवर टाकायचं, चार दिवसांनी कॅन्सल करायचं. गुदौरीच्या हॉटेलला नंतर मेल केला, त्यांनी बिचाऱ्यांनी एका दिवसात उत्तर दिलं की हे बुकिंग तुमच्या एजंटने कधीच रद्द केलंय. इथल्या कोणत्याही ऑफिसपेक्षा लवकर उत्तर त्या अनोळखी हॉटेलने दिलं. म्हणून सांगते, व्हाउचर आलं की हॉटेलला स्वतः मेल करा, आणि एकदा नाही, जायच्या आधी परत करा.

नणंदेच्या मालदीवच्या कागदात तर वेगळीच गंमत. मालेला पोचायची वेळ रात्री पावणेनऊ आणि पुढे लिहिलेलं "सीप्लेनने रिसॉर्टवर रवानगी". तिथली सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात, रात्री पोचलात तर मालेजवळ मुक्काम नाहीतर स्पीडबोट. हे मला दुसऱ्या एका एजंटने नंतर सांगितलं, हसत हसत. आम्हाला कसं माहिती असणार? आमच्याकडे सीप्लेन गोदावरीत उतरतात का? पण पॅकेज बनवणाऱ्याला माहिती हवं होतं, आणि त्याला ते माहिती करून घ्यायची गरजच वाटली नाही, कारण कोणाला पाठवायचंच नव्हतं. मालदीवच्या कोटेशनमध्ये ट्रान्सफर धरलाय का हे लेखी घ्या, एकेका बेटावर एकेक रिसॉर्ट असतं, विमानतळापासून तिथपर्यंत जायचाच खर्च दणदणीत असतो.

कळलं कसं, तर धाकट्याला खिडकीची सीट हवी होती म्हणून त्याने पीएनआर टाकला आणि बुकिंग सापडत नाही असं आलं. फोन लावला, "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे ताई." दुसऱ्या दिवशी "री-इश्यू चालू आहे." मग फोन बंद. ऑफिसला गेलो तर शटर खाली आणि बाहेर आमच्यासारखेच सात-आठ जण, त्यात पिंपळगाव आणि दिंडोरीकडचे द्राक्षवाले दोन. त्यांनी रोख दिले होते, लाखांत, पावती एका चिठ्ठीवर. जागामालकही तिथेच उभा, त्याचंही भाडं थकलेलं. घरी थर्मल आणि जॅकेटं आणून ठेवली होती, मेन रोडवरून, ६,४०० ची. ती यंदा निफाडच्या थंडीत वापरा म्हणाले सासरे. त्यांना विनोद सुचतो.

आता पोलीस. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत." मग साहेब भेटले तर म्हणे, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या, पैसे स्वतःच्या हाताने पाठवले, त्याने ऑफिस उघडलं होतं, धंदा बुडाला असेल, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा." मी म्हटलं एकाच वेळी इतक्या लोकांचा धंदा कसा बुडतो आणि बुडायच्या आदल्या आठवड्यापर्यंत बायकोच्या खात्यात पैसे कसे घेतो? तर "अर्ज देऊन जा." अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा, शिक्का मारलेली पोच हातात देतात आणि तुम्हाला वाटतं काम झालं. पोचेवर धूळ बसते. वरच्या शाखेत गेलो तर रक्कम लहान आहे, एवढ्यासाठी आमच्याकडे येत नाही, पोलीस स्टेशनलाच जा. पोलीस स्टेशनला गेलो तर वरून पत्र आणा. रक्कम लहान! ४,६९,००० तुम्हाला लहान असेल साहेब, आमचं ते सोसायटीच्या हप्त्यांतून वाचवलेलं होतं. सायबरवाल्यांनी सांगितलं की तुम्ही माणसाला ओळखत होता, समोर बसून व्यवहार केला, हे आमच्यात बसत नाही. बँकेत गेले, बायकोचं खातं गोठवा म्हटलं, तर "तुम्ही स्वतः ऑथराइज केलंय, खातेदाराची माहिती देता येणार नाही." बरोबर आहे, त्याची माहिती गोपनीय आणि आमचे पैसे सार्वजनिक. एका हवालदाराने मात्र बाजूला घेऊन सांगितलं की एकेकट्या येऊ नका, सगळे मिळून एकच तक्रार द्या, मग घ्यावीच लागते. हे त्याने पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं देव जाणे.

मधेच तो उगवला. गुन्हा दाखल होणार कळल्यावर आला, रडला, २५,००० दिले आणि २,००,००० चा चेक दिला. सगळ्यात मोठा सापळा हाच. चेक मिळाला म्हटल्यावर पोलीस म्हणाले "बघा, देतोय ना तो, मग फसवणूक कुठे?" चेक अर्थातच बाउन्स. बाउन्सचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि मग एका महिन्यात कोर्टात तक्रार. तो रोज फोन करून "परवा टाका ताई, परवा नक्की" म्हणत त्या ३० दिवसांतले दिवस खात होता. वकिलाचे ७,५०० गेले पण नोटीस वेळेत गेली.

ठाण्यात एफआयआर घेतच नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३(४) आहे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइन टाकता येतं, आम्ही टाकलंय, तारखा पडतायत. ऑनलाइन अनोळखी माणसाला पैसे गेले असतील तर मात्र कशाचीही वाट न बघता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत. आणि फर्म सोडून दुसऱ्या कुणाच्याही खात्यात एक रुपया टाकू नका, बायको, मेहुणा, भागीदार, कोणीही असो.

आता कळतंय की हाच माणूस दुसऱ्या नावाने परत बेटांचे आणि बर्फाचे रील टाकतोय, यावेळी ऑफिस नाहीच, फक्त व्हॉट्सॲप. ज्यांचे पैसे कॉलेज रोडच्या त्या ऑफिसमध्ये अडकलेत त्यांनी मला मेसेज करा, एकत्रित तक्रारीत नाव घालतो. नुसते स्क्रीनशॉट आणू नका, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. आणि रोख दिलेल्यांनी निदान त्याच्यासोबतचं चॅट डिलीट करू नका, दिंडोरीच्या एकांनी रागाच्या भरात सगळं पुसून टाकलंय.