घर ठाण्यात की नवी मुंबईत? प्रवासाबद्दल लोक काय बोलतात ते आधी ऐका

घर शोधताना आपण दर बघतो, स्टेशन किती लांब ते बघतो. मी आणखी एक गोष्ट बघायला सांगेन: तिथली माणसं गाडीबद्दल आणि रस्त्याबद्दल कशी बोलतात. दोन वर्षांनी तुमच्या तोंडी तेच येणार आहे. मी पंधरा वर्षं नौपाड्यात काढली, आता सहा वर्षं नेरुळला राहते, आणि या दोन शहरांच्या बोलण्यातला फरक मला रोज जाणवतो.

एसी लोकलचंच बघा. मध्य रेल्वेवरची पहिली एसी लोकल जानेवारी २०२० मध्ये ट्रान्सहार्बरवर, ठाणे-पनवेल मार्गावर आली. पुढे हार्बरवरही आली. प्रतिसाद थंडच राहिला. नेरुळच्या फलाटावर लोक ती सोडून मागच्या साध्या गाडीत चढायचे, कुणी आवाज चढवला नाही. मे २०२२ मध्ये हार्बरच्या त्या फेऱ्या ठाण्या-कळव्यावरून जाणाऱ्या मुख्य मार्गाकडे वळवल्या. ऑगस्टमध्ये तिथे साध्या लोकल काढून आणखी दहा एसी फेऱ्या सुरू झाल्या, आणि कळव्याच्या प्रवाशांनी कारशेडमधून निघालेली एसी लोकल अडवली. बदलापूरलाही लोक उभे राहिले. आठवडाभरात त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

ठाण्याच्या बाजूला एकेका गाडीचा हिशेब असतो. ८:१२ ची रद्द झाली तर ८:१९ ला दारात पाय ठेवायला जागा नसते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर धावत्या लोकलमधून पडून माणसं गेली, ती याच गर्दीत. म्हणून ठाणेकर भांडतो, आणि एकटा भांडत नाही. प्रवासी संघटना आहेत, निवेदनं जातात, ‘पाचवी-सहावी मार्गिका झाली, मग फेऱ्या का वाढल्या नाहीत’ हा प्रश्न भाजीवालीही विचारते. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी इथे आली. रेल्वे हा इथे घरचा विषय आहे, आणि मला हे ठाण्याचं मोठं बळ वाटतं.

ठाण्यातल्याच घोडबंदर रोडवर मात्र विषय पूर्ण वेगळा. तिथे लोकलचं नाव नंतर निघतं; आधी गायमुखचा घाट, कंटेनर आणि ‘दिवसा अवजड वाहनं बंद करा’. मेट्रो ४ ची चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली, तरी तिथला रहिवासी चाचणीवर घर घ्या असं तुम्हाला सांगणार नाही. मीही सांगणार नाही.

नवी मुंबईचा स्वभाव नकाशातून आलाय. इथल्या रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा हे शहर वसवणाऱ्या सिडकोने उचलला. वाशीला रेल्वे १९९२ मध्ये पोहोचली. त्यामुळे ‘प्लॅनमध्ये आहे, होईल’ हे इथलं पालुपद. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं, ती धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. अकरा किलोमीटरसाठी बारा वर्षं! खारघर-तळोज्यातल्या लोकांनी तोवर त्या खांबांखालून रिक्षाने ये-जा केली. हा संयम मला आवडतो, पण त्याची किंमत घर घेणाऱ्यानेच मोजलेली असते.

मूळ गावांमध्ये मात्र हा संयम शोधू नका. ज्यांच्या शेतावर हे सगळं उभं राहिलं, ते विमानतळाकडे सोय म्हणून आधी बघत नाहीत. जासईला जमिनीच्या आंदोलनात, १९८४ च्या पोलीस गोळीबारात माणसं गमावलेल्या या पट्ट्यात पहिला प्रश्न विमानतळाला त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटलांचं नाव देण्याचा, दुसरा भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांचा. विमानतळाजवळच्या उलव्यात घर घेणार असाल तर हा इतिहास शेजाऱ्याकडून नक्की ऐका.

रोजचं दुखणं इथे स्टेशनबाहेर सुरू होतं. गाडीत उभं राहायला जागा मिळते, पण सेक्टर लांब, रस्ते रुंद. रात्री दहानंतर बस विरळ होते आणि रिक्षावाला जवळचं भाडं नाकारतो. पावसाळ्यात मी नेरुळला चाळीस मिनिटं अशी उभी राहिले आहे, लेक कडेवर. ठाण्यात शेअर रिक्षाची रांग लांब असते, पण ती सरकते.

तेव्हा माझं मत असं. नोकरी दादर, भायखळा, सीएसएमटीकडे असेल तर ठाणेच, पण नौपाडा-पाचपाखाडीसारखं चालत स्टेशन गाठता येईल असं. घर लहान मिळालं तरी चालेल. नोकरी ऐरोली, महापे, बेलापूरला असेल तर घणसोली ते नेरुळ पट्टा. ठाण्याहून उलटं येण्याची गरज नाही. उलवे घ्यायचंच असेल तर उरण मार्गाचं वेळापत्रक हातात घेऊन बसा. तिथे गाड्या मोजक्या आहेत, एक चुकली की सकाळचं सगळं गणित बिघडतं. रविवारी साइट दाखवतात तेव्हा यातलं काही दिसत नाही. मंगळवारी सकाळी आठला जा, तिथून ऑफिस गाठा आणि रात्री साडेदहाला परत त्याच इमारतीच्या दारापर्यंत या.