विधवा लेकीच्या नवजात बाळाला विमा मिळतो का? आमच्या फॅमिली फ्लोटर पॉलिसीचे परीक्षण

सांगलीत आम्ही दोघे गेली ११ वर्षे एकाच कंपनीची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेली, आरोग्य विमा पॉलिसी चालवत आहोत. पॉलिसी माझ्या नावे असून विमा रक्कम ५ लाख रुपये आहे. या पॉलिसीने आमचे भले केले आहे, हे आधी नोंदवते. ३ वर्षांपूर्वी यजमानांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया मिरजेत झाली, तेव्हा बिल कॅशलेस भागले आणि हातमोजे, मास्क असे किरकोळ साहित्य सोडता आम्हाला पदरचे काही घालावे लागले नाही. नातवाच्या जन्मानंतर मात्र याच पॉलिसीची जी बाजू दिसली, ती अवलंबित मुलगी घरी असलेल्या प्रत्येक आईवडिलांना ठाऊक असायला हवी.

गेल्या वर्षी जावई अपघातात गेले आणि चौथा महिना लागलेली आमची लेक माहेरी परत आली. आमच्या पॉलिसीत अवलंबित विधवा किंवा घटस्फोटित मुलीला वयाची मर्यादा न ठेवता कुटुंबात घेता येते, असे कलम आहे, आणि ते कलम चांगले आहे. नूतनीकरणाच्या वेळी जावयांच्या मृत्यूचा दाखला जोडून तिचे नाव घातले आणि वाढीव प्रीमियम भरला. शाखेतल्या अधिकारी बाईंनी ते काम एका फेरीत करून दिले. बाळाचे काय, असे मी एजंटला विचारले तेव्हा तो म्हणाला, "ताई, बाळ आईच्या विम्यात आपोआप येतं." हेल्पलाइनवरच्या मुलीनेही, जन्म झाला की कळवा, नाव जोडून देऊ, असेच सांगितले. दोघांचेही बोलणे तोंडी होते आणि मी लेखी मागितले नाही.

बाळ ३५ व्या आठवड्यातच जन्मले. पहिल्या दिवशी श्वास जोरजोरात चालू होता, तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली, त्यामुळे त्याला ६ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावे लागले. काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर कापडी पट्टी बांधलेले ते बाळ मी दिवसातून दोनदा पाहायला जात असे. त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर "बेबी ऑफ" आणि पुढे माझ्या लेकीचे नाव लिहिले होते. रुग्णालयाने त्याला आईच्या नावाने ओळखले, म्हणून विम्याच्या खिडकीवरही तीच ओळख चालेल असे मी धरून चालले.

खिडकीवरच्या टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, मुलाने फाइल कंपनीकडे पाठवली आणि तासाभरात नकार आला. उत्तर लवकर दिले, याचे श्रेय मी देते, कारण अनामत रक्कम भरायची की नाही हे आम्हाला त्याच दिवशी ठरवायचे होते. नकाराची कारणे दोन होती आणि ती नीट समजून घ्यावीत. पहिले असे की पॉलिसीतील "कुटुंब" हे विमाधारकाशी असलेल्या नात्यावरून मोजले जाते, मुलीशी असलेल्या नात्यावरून नाही. मी विमाधारक असल्याने बाळ माझा नातू ठरते, आणि पती, मुले व आईवडील या यादीत नातू-नात नाहीत. दुसरे असे की नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून मिळणारे संरक्षण हे बहुतेक पॉलिसींत प्रसूती लाभाला जोडलेले असते. आमच्या पॉलिसीत तो लाभ जास्तीचे पैसे भरून घेता येतो, पण फक्त विमाधारकासाठी किंवा त्याच्या जोडीदारासाठी, आणि तोही ठरलेल्या प्रतीक्षा काळानंतर, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर लाभ सुरू होईपर्यंतचा काळ संपल्यावर. म्हणजे ५६ वर्षांच्या मला तो घेता आला असता, पण ज्या २७ वर्षांच्या लेकीला त्याची गरज होती तिला नाही. हा लाभ नसेल तर सिझेरियनसह प्रसूतीचा सारा खर्च नेहमीच्या वगळण्यांच्या यादीत, १८ व्या क्रमांकाखाली जातो. अपवाद प्रामुख्याने गर्भाशयाबाहेरच्या गर्भधारणेचा.

एनआयसीयूचे ८१ हजार आणि सिझेरियनचे ६४ हजार रुपये आम्ही ठेव मोडून भरले. पैशापेक्षा मला जास्त लागले ते हे की, अवलंबित विधवा मुलीला कुटुंबात घेणारे कलम लिहिताना तिच्या कडेवर मूल असू शकते, हा विचार कोणी केलेला नाही. तसे करता येत नाही असे मुळीच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या आणि त्याच्याजवळ राहणाऱ्या विधवा किंवा विभक्त मुलीच्या अल्पवयीन मुलांनाही धरले जाते.

एक गोष्ट आम्हाला वेळेवर कोणी सांगितली नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन आणि आजारी बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या व १०२ ची रुग्णवाहिका हे सारे मोफत मिळते. मोठ्या सरकारी रुग्णालयांत नवजातांसाठी एसएनसीयू हा वेगळा कक्ष असतो. बाळ स्थिर झाल्यावर तरी आम्ही सिव्हिलमध्ये चौकशी करायला हवी होती.

तक्रारीबद्दल थोडक्यात सांगते. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, एक रुपयाही फी न भरता जाता येते. सांगलीसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. मी कंपनीकडे आणि विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर चुकीच्या माहितीबद्दल तक्रार नोंदवली, पण पुढे गेले नाही, कारण कलम स्पष्ट होते आणि माझ्याकडे तोंडी आश्वासनापलीकडे पुरावा नव्हता.

मार्ग अखेर शाखेतल्या त्याच अधिकारी बाईंनी दाखवला. बाळ ९१ दिवसांचे झाल्यावर लेकीला स्वतः विमाधारक करून तिची आणि बाळाची वेगळी फ्लोटर पॉलिसी काढायची. तिथे बाळ नातू राहत नाही, मूल होते. एनआयसीयूचे डिस्चार्ज कार्ड आम्ही अर्जासोबत जोडले आणि काविळीसह काही लपवले नाही, कारण लपवलेली गोष्ट पुढे दावा नाकारण्याचे कारण होते. १२ दिवसांत पॉलिसी आली. प्रसूती लाभ असलेली अशी पॉलिसी लग्नानंतर लगेच मुलीच्या स्वतःच्या नावे काढलेली असती, तर प्रतीक्षा काळ तेव्हाच सुरू झाला असता.

आजारपणासाठी, पती-पत्नी आणि मुले एवढ्यांसाठी ही पॉलिसी मी ५ पैकी ४ गुण देऊन सुचवीन, आणि अवलंबित मुलीला मूल होणार असेल तर १. कंपनीच्या पुणे कार्यालयाला मी पत्र लिहून, विधवा मुलीच्या कलमात "आणि तिची अल्पवयीन मुले" हे चार शब्द घालावेत, अशी विनंती केली आहे. अजून पोच क्रमांकापलीकडे काही आलेले नाही. पुढच्या नूतनीकरणाला मी ते पत्र पुन्हा जोडणार आहे.