बिग बँडमधली रिदम गिटार आणि कोरीव आर्चटॉप: काही महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या हौशी बिग बँडमध्ये (जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात) 5 सॅक्सोफोन, 4 ट्रम्पेट आणि 4 ट्रॉम्बोन आहेत. या ताफ्याला ॲम्प्लिफायरविना साथ करता यावी म्हणून गेल्या सप्टेंबरात मी 16 इंच रुंदीची, स्प्रूसची कोरीव फळी असलेली, पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) नसलेली आर्चटॉप, म्हणजे वरची फळी कमानीसारखी फुगीर असलेली गिटार घेतली. घरी एकट्याने वाजवताना हिचा आवाज कोरडा आणि तुटक वाटतो, आणि सपाट फळीच्या गिटारची गोलाई ज्यांना हवी आहे त्यांची निराशा होईल. बँडमध्ये मात्र हा तुटकपणाच कामाला येतो, कारण स्वर उमटतो, पुढे फेकला जातो आणि बास व पियानोच्या वाटेत न येता लगेच विरतो.

अर्थात निम्मे श्रेय वाजवण्याच्या पद्धतीला द्यायला हवे. ही पद्धत गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांची. ते 1937 मध्ये जॅझ पियानोवादक काउंट बेसी यांच्या ऑर्केस्ट्रात आले आणि 1987 मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे बेसींच्या पश्चातही, तिथेच प्रत्येक मात्रेला एक याप्रमाणे कॉर्ड (एकत्र वाजवलेले अनेक स्वर) वाजवत राहिले. (बेसी आमच्याच राज्यातल्या रेड बँकचे, याचा इथल्या वादकांना फार अभिमान.) कागदावर कितीही भरगच्च कॉर्ड लिहिलेली असली तरी सहावी (सर्वांत जाड), चौथी आणि तिसरी एवढ्याच तारा वाजवायच्या आणि पाचवी तार बोटाच्या कडेने दाबून मुकी ठेवायची. जी-सेव्हन या कॉर्डसाठी सहाव्या आणि चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी), तर तिसऱ्या तारेवर चौथा फ्रेट धरला, की सी-सेव्हनकडे जाताना चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरची बोटे एकेक फ्रेट मागे घेतली तरी पुरते. सहाव्या तारेवरचा जी हा स्वर तसाच राहतो, आणि मूळ स्वर सी देण्याचे काम बासवादकाचे असते. चौथ्या तारेवरून सरकणारी ही ओळ ऐकू येऊ लागली की साथीला स्वतःची चाल मिळते. नवशिक्यांच्या पुस्तकांतल्या सहा तारी कॉर्ड इथे निव्वळ गर्दी करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

उजव्या हाताचे सगळे आघात खालच्याच दिशेने असतात, पण खरी कसोटी डाव्या हाताची आहे. आघात होताच बोटे तारांवर ठेवूनच दाब सैल करायचा असतो. दाब लवकर सोडला तर नुसती खरखर उरते आणि उशिरा सोडला तर मात्रा एकमेकींना चिकटतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमरची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) मिटते, तिच्या जोडीने किंचित वजन दिले की पुरे. जलद लयीत हे सारे निभावून जाते. नील हेफ्टींच्या 'लिल डार्लिन'सारख्या संथ रचनेत मात्र दोन मात्रांमधले अंतर इतके मोठे होते, की पुढचा आघात नेमका कुठे पडणार हे बास आणि ड्रम्स ऐकूनच ठरवावे लागते.

दुकानातून आलेल्या बारीक तारा मी लगेच बदलल्या. आता पहिली तार 0.013 इंचाची आहे, आणि घोडी (तारा ज्यावर टेकतात तो आधार) दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी उंच केल्यामुळे जोरात मारले तरी तारा फ्रेटवर खडखडत नाहीत. सुरुवातीला करंगळी दुखते, बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायच्या कॉर्ड) तर नकोशाच होतात, पण तीनच तारा धरायच्या असल्याने हा जाच सोसवतो. घोडी फळीला चिकटवलेली नसते, ती फक्त तारांच्या दाबाने उभी राहते. त्यामुळे सगळ्या तारा एकदम न काढता एकेक करून बदलाव्यात, नाहीतर घोडी सरकून बाराव्या फ्रेटवरचे सूर बिघडतात. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते, तेव्हा अख्ख्या लाकडाच्या या गिटारसाठी पेटीत ह्युमिडिफायर हवाच.

बोसा नोव्हा किंवा फंक अशा वेगळ्या लयीच्या शैलीतला तुकडा असेल तेव्हा ही गिटार उपयोगाची नाही. आमच्या कार्यक्रमात असे एक-दोन तुकडे असतातच, म्हणून मी साधी इलेक्ट्रिक गिटार आणि लहान ॲम्प्लिफायर बरोबर ठेवतो. ज्यांच्या बँडमध्ये स्विंग शैलीतल्या जॅझचा वाटा निम्म्याहून कमी आहे, त्यांनी केवळ साथीसाठी हा खर्च करू नये.