जुन्या जीपच्या पॉवर स्टेअरिंगचा प्रेशर पाइप: कंपनीचा बसवावा की क्रिम्प करून आणावा?

उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला चेसिसवर लाल तेलाचा ओघळ आला आणि वळणावर स्टेअरिंग जड लागू लागलं, की जुन्या जीपवाल्याला नागपुरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, कंपनीचा पाइप टाक आणि मोकळा हो. दुसरा म्हणतो, हिंगण्याला जा, तासाभरात त्याहून मजबूत पाइप क्रिम्प करून, म्हणजे नळीच्या टोकांवर मशीनने फिटिंग दाबून बसवून मिळते. दोघंही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात. मी हे काम माझ्या महिंद्रा एमएम ५४० वर तीनदा आणि मेहुण्याच्या २०११ च्या थारवर एकदा केलं. दोन्ही गाड्यांचं उत्तर वेगळं निघालं.

आधी एकच गोष्ट पाहा. तुमच्या गाडीचा पंप आणि स्टेअरिंग बॉक्स कारखान्यातून सोबत आलेले आहेत का? थार सीआरडीई, जुनी सफारी, स्कॉर्पिओ यांत ते सोबत येतात. ५४० ला मुळात पॉवर स्टेअरिंग नव्हतंच. तिच्यावर बॉक्स एका गाडीचा, पंप दुसऱ्या गाडीचा आणि ब्रॅकेट वेल्डिंगवाल्याचं असतं. या जोडीसाठी कुठल्याही कंपनीने पाइप बनवलेला नसतो, त्यामुळे तिथे क्रिम्प करण्यावाचून मार्ग नाही.

पाइप तीन असतात. टाकीतून पंपाकडे जाणारा सक्शनचा, पंपातून बॉक्सकडे जाणारा प्रेशरचा आणि बॉक्समधून टाकीत परतणारा रिटर्नचा. स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरलं की प्रेशरच्या पाइपात साधारण ८० ते १२० बार दाब चढतो, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दहापट आणि त्याहूनही जास्त. उरलेल्या दोघांत दाब नावापुरता असतो. म्हणून सगळी चर्चा प्रेशरच्या पाइपाची होते, आणि रिटर्नच्या पाइपाला लोक हाताला लागेल ती नळी लावतात. त्याबद्दल पुढे.

कंपनीचा पाइप

कंपनीच्या पाइपात रबराची नळी मध्ये आणि दोन्ही बाजूंना वाकवलेल्या लोखंडी नळ्या असतात. ते वाक कारखान्यात ठरवून दिलेले असतात, त्यामुळे पाइप एक्झॉस्टपासून आपोआप दूर राहतो. क्लिपा जिथल्या तिथे बसतात, टोकांचे आटे जुळतात. मेहुण्याच्या थारवर जुना पाइप काढून नवा बसवायला आम्हाला दीड तास लागला, त्यातलाही बराच वेळ गंजलेला नट सोडवण्यात गेला.

कंपनीच्या पाइपाचा आणखी एक गुण आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्याची नळी दाबाखाली किंचित फुगते, आणि ती मुद्दाम तशी बनवलेली असते. पंप तेल सलग ढकलत नाही, ठोके देत ढकलतो. फुगणारी नळी ते ठोके गिळते, म्हणून गाडी जागेवर वळवताना आत घूं-घूं आवाज येत नाही. या प्रकारच्या नळीसाठी एसएई जे१८८ हे मानक आहे. चांगल्या नळीवर ते छापलेलं असतं, तेव्हा घेताना छपाई वाचा.

उणीव किमतीत आहे आणि वाट पाहण्यात आहे. क्रिम्प केलेल्या पाइपापेक्षा तो बराच महाग पडतो, आणि जुन्या मॉडेलचा असला तर दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणतो. थारची नवी पिढी २०२० मध्ये आली. आधीच्या पिढीचे भाग अजून मिळतात, तोवर एक पाइप घेऊन ठेवणं शहाणपणाचं आहे. मात्र वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला ‘न वापरलेला’ पाइप घेऊ नका. रबर पडून पडूनही कडक होतं. नळी बोटांनी वाकवा आणि वाकावर बारीक भेगा दिसतात का ते उजेडात पाहा.

क्रिम्प केलेला पाइप

या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथलंच, उमरेड आणि सावनेरकडे कोळशाच्या खाणी, मनसरकडे मँगनीजच्या. या सगळ्यांच्या पोकलेन आणि लोडरना हायड्रॉलिक होज रोज लागतात. त्यामुळे हिंगणा एमआयडीसीत, वाडीत, कामठी रोडला क्रिम्पिंगचं मशीन शोधत फिरावं लागत नाही. दुपारी पाइप फुटला तर संध्याकाळी गाडी पुन्हा चालू करता येते.

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘सिंगल वायर की डबल वायर?’ म्हणजे रबरात तारेच्या जाळीचा एक थर की दोन. बहुतेक जण मजबुतीच्या ओढीने डबल वायर सांगतात. मीही पहिल्यांदा तेच केलं. ३/८ इंची सिंगल वायर नळी, जिला दुकानात आर-वन म्हणतात, ती युरोपीय मानकाप्रमाणे १८० बारला चालते. डबल वायर आर-टू ३३० बारला. आपल्या पंपाचा जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह १२० च्या आसपासच उघडतो. मग त्या वरच्या दीडशे बारांचा आपल्याला काय उपयोग? डबल वायर नळी जाड असते, जड असते, अरुंद जागेत वळवताना हाताशी भांडते आणि ठोके अजिबात गिळत नाही. माझ्या ५४० च्या प्युजो इंजिनाच्या खडखडाटात तो आवाज दबून जातो. मेहुण्याच्या थारमध्ये ताईने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हा कसला आवाज आहे म्हणून. सिंगल वायर पुरते, तीच घ्या. जे१८८ ची नळी क्रिम्पिंगवाल्याकडे मिळाली तर ती त्याहूनही चांगली.

उष्णतेचं मात्र खरंच पाहावं लागतं. साध्या हायड्रॉलिक नळीची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ अंश होतं. त्यात बोनेटखाली, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी आणि खडकावर पहिल्या गिअरमध्ये सरपटताना ही मर्यादा दूर राहत नाही. क्रिम्प केलेला पाइप मॅनिफोल्डपासून हातभर लांबून न्या. जागा नसेल तर त्यावर फायबरग्लासची बाही चढवा. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेलाचा फवारा उडाला तर ते पेट घेऊ शकतं. जुन्या जीपमध्ये छोटं अग्निशामक सीटखाली हवंच.

नळी टिकते, टोक दगा देतं

माझा पहिला क्रिम्प केलेला पाइप उमरेड रोडवर सुटला. फुटला नाही, पंपाच्या तोंडावरून निसटला. नळी डबल वायरची, नवीकोरी, तिला ओरखडाही नव्हता. दुकानातल्या मुलाने पंपाच्या एम१६ (मेट्रिक) आट्यांवर ३/८ बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश पाइप आट्यांचा नट दिला होता, आणि मी तो न मोजता लावला होता. एम१६ चा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर १.५. ३/८ बीएसपीचा व्यास १६.६६ आणि अंतर १.३४. हा नट एम१६ वर सैलसर चढतो, दोन-तीन आट्यांनंतर अडकतो आणि हाताला वाटतं की घट्ट बसला. जागेवर गळतही नाही. ज्या दिवशी पूर्ण वळण घेऊन चाक दगडाला टेकतं, त्या दिवशी सुटतं. तेव्हापासून मी व्हर्निअर आणि आटे मोजायची पट्टी घेतल्याशिवाय क्रिम्पिंगच्या दुकानात जात नाही. माझे मेकॅनिक तेव्हा म्हणाले होते, ‘भाऊ, पाइप तर कोनीही बनवून देते. आटे कोन मोजते?’

आट्यांइतकंच बसण्याचं तोंडही पाहा. कुठे बॅन्जो बोल्ट, म्हणजे पाइपाच्या गोल डोळ्यातून जाणारा पोकळ बोल्ट असतो, कुठे ओ-रिंग, कुठे कोन. आणि कोनही एकसारखे नसतात. जेआयसीचा ३७ अंशांचा, तर दुसऱ्या एका प्रकाराचा ४५ अंशांचा. दोन्ही एकमेकांवर टेकतात, पण फक्त एका रेषेवर, आणि तिथून पाझर सुरू होतो. तो थांबवायला लोक टेफ्लॉन टेप गुंडाळतात. या जोडांत तेल आटे अडवत नाहीत, तोंड अडवतं, त्यामुळे टेपचा काही उपयोग होत नाही. उलट तिचा तुकडा तुटून बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये गेला तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. बॅन्जो असेल तर डोळ्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घाला. जंगलात नवे नसतील तर जुने लालबुंद तापवून थंड करा. तांबं पुन्हा मऊ होतं आणि एक वेळ निभावतं.

दोन्ही टोकांना एल्बो असतील तर त्यांच्यातला कोन कागदावर काढून देऊ नका. नळी आणि टोकं क्रिम्प न करता गाडीवर हाताने बसवा, रंगाच्या पेनने नळीवर आणि टोकावर एकच रेघ ओढा आणि मग मशीनवर द्या. नळीवर छापलेली लांब रेघ बसवल्यावर सरळ दिसली पाहिजे. ती पिळलेली दिसली तर नळी पिळलेली आहे, आणि पिळलेली नळी दाब चढला की नट सैल करते. लांबीत थोडी ढील ठेवा. दाबाखाली नळी आखडते, आणि इंजिन आपल्या माउंटवर हलतं, बॉक्स मात्र चेसिसला घट्ट असतो. ३/८ इंची नळी १३० मिलिमीटरपेक्षा लहान वळणात दुमडू नका. टोकाजवळ तर पहिले काही सेंटिमीटर तिला सरळच राहू द्या.

आणखी एक गोष्ट दुकानात उभं राहून करून घ्या. नळी कटर चाकाने कापतात, तेव्हा रबराचा आणि तारेचा भुगा आत जातो. क्रिम्प करण्याआधी हवेने आणि स्वच्छ तेलाने नळी धुऊन मागा. तो भुगा पहिल्याच फेरीत बॉक्समध्ये पोहोचतो.

अर्धा जुना, अर्धा नवा

कंपनीचा पाइप मिळत नाही आणि त्याचे लोखंडी वाक मात्र शाबूत आहेत, अशा वेळी तिसरा मार्ग असतो. दोन्ही बाजूंच्या लोखंडी नळ्या ठेवायच्या आणि मधलं रबर तेवढं बदलायचं. बंद झालेल्या मॉडेलसाठी मला हा सगळ्यांत आवडतो. मूळ टोकं राहतात, मूळ वाट राहते. अट एवढीच की जोड कटिंग रिंगच्या, म्हणजे नट आवळला की नळीला चावून बसणाऱ्या कडीच्या कपलिंगने घ्यावा. पितळेने गॅस वेल्डिंग केलं तर तापलेल्या जागेच्या शेजारी पातळ नळी कमकुवत होते आणि कंपनाने तिथेच तडकते. नळी आतून गंजलेली असेल तर हा मार्ग सोडा.

भंगारातल्या गाडीचा पाइप घेऊ नका. बॉक्स भंगारातला चालतो, पंपही पाहून घेता येतो, पण जुन्या रबराच्या आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.

रिटर्न आणि सक्शन

इथे पैसे वाचवताना लोक हीटरची किंवा रेडिएटरची नळी लावतात. ती पाण्यासाठी बनवलेली असते. तिचं ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगतं, लिबलिबित होतं आणि काही महिन्यांत क्लिपेखालून सुटतं. तेलाला टिकणारी नायट्रिलची नळी मागा. रिटर्नसाठीचं मानक एसएई जे१८९ आहे. सक्शनला अशी नळी हवी जी ओढली गेल्यावर चपटी होणार नाही. सक्शनची क्लिप सैल असली तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. टाकीत फेस येतो, पंप कण्हतो, आणि माणूस चांगला पंप बदलून बसतो.

हवा काढणं

पाइप कुठलाही टाका, पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवा आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा सावकाश फिरवा. मध्ये मध्ये टाकी भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू करा. शेवटाला स्टेअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. तेल टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलंच घाला, आणि ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने सील खराब होतात. गळती शोधायला बोट फिरवू नका. बारीक छिद्रातून येणारी धार कातडीच्या आत तेल घुसवते आणि थेट ऑपरेशनपर्यंत वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, डाग दिसेल.

थारवर मी आजही कंपनीचाच पाइप टाकेन, वाट पाहावी लागली तरी. माझ्या ५४० वर आता सिंगल वायर आहे, दोन्ही टोकं मोजून घेतलेली, मॅनिफोल्डच्या बाजूला बाही चढवलेली. तिच्यासोबतच त्याच मापाचा दुसरा पाइप करून घेतला. त्याची तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करून, चार तांब्याचे वॉशर आणि एक लिटर तेलासोबत तो मागच्या सीटखाली ठेवला आहे. जंगलात पाइप गेला आणि तेल संपलं, तर पंपाचा पट्टा वेगळा असल्यास तो काढून ठेवतो, म्हणजे पंप कोरडा फिरून जळत नाही. पट्टा अल्टरनेटरचाही असेल तर काढू नका. स्टेअरिंग जड होतं, पण वळतं. पेंचहून रामटेकपर्यंत गाडी तशी हळूहळू आणता येते.