४६ नगांचा गोटी सेट: बोनेटखालच्या अडचणीत कुठवर पुरतो?

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे एकावर एक रचलेली ही प्लास्टिकची पेटी सगळ्यांनी पाहिलेली असते. नाव दर दुकानात वेगळं, रंग वेगळा, आतला माल जवळपास तोच. पाव इंची रॅचेट (एकाच दिशेने जोर देणारी, उलटी टकटकत मोकळी फिरणारी दांडी), ४ ते १४ मिमीच्या तेरा गोट्या (बोल्टच्या डोक्यावर बसणारे सॉकेट), ५० आणि १०० मिमीच्या दोन एक्स्टेन्शन, स्प्रिंगसारखी वाकणारी तिसरी, एक युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकणारा सांधा), स्क्रू ड्रायव्हरसारखी मूठ, सरकती टी-दांडी, तीन बारक्या अ‍ॅलन की, आणि उरलेले खाने भरायला बिटं (स्क्रू फिरवायची सुटी टोकं). किंमत साधारण पाचशे ते हजार रुपये. घ्यावा की नाही, ते आपल्या गाडीचं बोनेट उघडल्यावरच ठरतं.

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत बोनेटखाली हात जात नाही, हे रडगाणं नवं नाही. इंजिन आडवं बसवलेलं, त्याच्या एका टोकाला गिअरबॉक्स, दुसऱ्या टोकाला पट्टा आणि पुली, आणि ती पुली जवळजवळ बाजूच्या पत्र्याला टेकलेली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनांच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. तेव्हापासून कंपन्या चार मीटरच्या आत राहून माणसांना पाय पसरायला जागा देतात, आणि ती जागा नाकाकडून कापली जाते. त्यात एसीचा कॉम्प्रेसर आला आणि बीएस-६ नंतर मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांना) खेटून बसलेला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. ओम्नी किंवा ईकोची तर गोष्टच निराळी. तिथे बोनेटखाली इंजिनच नाही, सीट उचलून कामाला लागायचं.

अशा ठिकाणी जोर कमी पडत नाही, पाना फिरवायला जागा कमी पडते. म्हणून या पेटीतली पहिली तपासायची वस्तू रॅचेट. दुकानातच ते हातात घ्या, चौकोनी टोक एक पूर्ण फेरा फिरवा आणि टकटक मोजा. २४ टक म्हणजे २४ दाते, एका दात्यामागे १५ अंश. ७२ टक म्हणजे एका दात्यामागे ५ अंश. या रॅचेटची लांबी साधारण १५० मिमी असते. म्हणजे २४ दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडण्यासाठी मूठ जवळपास ४ सेंमी हलावी लागते, ७२ दात्यांच्या रॅचेटला सव्वा सेंमी पुरतो. बॅटरी आणि हेडलाइटच्या मध्ये ४ सेंमी मोकळे मिळत नाहीत, सव्वा मिळतो. याच पेटीत दोन्ही प्रकारची रॅचेट विकली जातात आणि डब्यावरचं छापील वर्णन कायम खरं असतंच असं नाही, तेव्हा मोजल्याशिवाय घेऊ नये.

बारीक दात्यांची दुसरी बाजूही आहे. दाता जितका बारीक तितका तो चेपण्याची शक्यता जास्त, आणि स्वस्त रॅचेटची खिट्टी (दाते अडवणारा आतला तुकडा) आधीच मऊ. मुठीवर पाइप चढवून जोर लावला की दाते उडालेच म्हणून समजा. चौकोनी टोक जेमतेम ६.३५ मिमीचं, त्याच्याकडून अर्धा इंची पान्याची अपेक्षा करू नये. ३० न्यूटन मीटरच्या (हे पिळाच्या जोराचं माप) आतली कामं त्याच्या वाट्याची. एम-६ (६ मिमी जाडीच्या आट्यांचा) बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला आवळलेला असतो, एम-८ साधारण २०-२५ ला, तिथवर ठीक. ऑइलचा ड्रेन बोल्ट, चाकाचे नट, अल्टरनेटरचा मोठा बोल्ट यांच्या वाटेला या रॅचेटने जाऊ नये.

आता गोट्या. तेरांपैकी मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटाच्या बोनेटखाली खऱ्या कामाच्या तीन: १०, १२ आणि १४. टाटा, महिंद्रा, स्कोडा, फोक्सवॅगनकडे १२ ऐवजी १३ लागते, कारण तिथे एम-८ बोल्टचं डोकं १३ मिमीचं असतं. ८ ची गोटी क्लिपा आणि बारक्या क्लॅम्पसाठी. ४, ४.५, ५ या गोट्या गाडीत शोधूनही काम मिळत नाही, खेळण्यांच्या आणि मिक्सरच्या कामाला येतात. ९ आणि ११ तशाच पडून राहतात. १० ची मात्र इतकी लागते की ती हरवली म्हणजे सेट संपला. बॅटरीचं टर्मिनल १०, एअर फिल्टरच्या पेटीचे बोल्ट १०, स्पार्क प्लगच्या कॉइलचा बोल्ट १०. पहिल्याच दिवशी १० ची एक सुटी, सहा कोनी, चांगल्या कंपनीची गोटी जास्तीची घेऊन ठेवा. पेटीतली १० ची तपासताना ती एका नव्या एम-६ बोल्टवर बसवून डावी-उजवी हलवून बघा. खळखळली तर बोल्टचे कोपरे खाणार, आणि अडचणीच्या जागी कोपरे गेलेला बोल्ट काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम.

पेटीतली सगळ्यात कमी लेखलेली वस्तू म्हणजे ती स्क्रू ड्रायव्हरसारखी मूठ. रॅचेटचा एक त्रास असा, की बोल्ट दोन-तीन फेरे ढिला झाला की तो रॅचेटबरोबरच मागे-पुढे फिरू लागतो, कारण खिट्टीचं घर्षण बोल्टच्या घर्षणापेक्षा जास्त होतं. मग टकटक ऐकू येत राहते आणि बोल्ट जागेवरच. तिथे रॅचेट काढून मूठ लावा, किंवा नुसती एक्स्टेन्शन बोटांत धरून फिरवा. बोल्ट परत बसवतानाही सुरुवातीचे तीन-चार आटे मुठीनेच. रॅचेटने वाकडा आटा धरलेला हाताला कळत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालण्याचा खर्च या पेटीच्या किमतीला सहज मागे टाकतो.

युनिव्हर्सल जॉइंटबद्दल बऱ्याच जणांची तक्रार असते की तो कुठेही लुळा पडतो आणि गोटी बोल्टवर बसेपर्यंत तीन वेळा वाकडी होते. उपाय सोपा आहे. सांध्याभोवती इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे द्या. दिलेल्या कोनात तो उभा राहतो आणि तरी फिरतो. कोन ३० अंशांच्या आत ठेवा. त्यापुढे तो झटके देत फिरतो आणि जोर बोल्टवर न जाता गोटी कडेला ढकलण्यात जातो. बोल्टचे कोपरे जास्त करून इथेच झिजतात.

वाकणाऱ्या एक्स्टेन्शनकडे बघून लोक हुरळतात आणि पहिल्याच घट्ट बोल्टवर निराश होतात. जोर लावला की ती आधी स्वतःच पिळवटते, मग अचानक सुटते. बोल्ट सोडवायला ती नाहीच. तिचं खरं काम होज क्लॅम्पचं, म्हणजे नळी आवळणाऱ्या कड्याचं. फिल्टरच्या पेटीकडून येणाऱ्या जाड रबरी नळीवर स्क्रूचा क्लॅम्प असतो, त्याचं डोकं ६, ७ किंवा ८ मिमीचं, आणि ते हमखास मागच्या पत्र्याकडे तोंड करून बसवलेलं. तिथे ही एक्स्टेन्शन आणि मूठ यांच्यासारखी जोडी नाही. कूलंटच्या नळ्यांवर मात्र बहुधा स्प्रिंगचे क्लॅम्प असतात, त्यांना या पेटीत काहीच नाही. त्यासाठी वायरवाली क्लॅम्पची पक्कड वेगळी घ्यावी. साध्या नोज प्लायरने तो क्लॅम्प निसटतो आणि बोटावर बसतो. परत बसवताना कान वरच्या बाजूला येतील असा फिरवा, पुढच्या वेळचा तुमचा त्रास वाचेल. आणि स्प्रिंगचा क्लॅम्प काढून त्याजागी स्क्रूचा लावायचा मोह आवरा. रबर कालांतराने दबतं, तेव्हा स्प्रिंग आपोआप मागोमाग आवळते, स्क्रू आवळत नाही.

आता सेटचा खरा दोष. रॅचेटच्या पाठीवर गोटी सोडायचं बटण आहे. मोकळ्या जागी सोयीचं, पण अडचणीत रॅचेटची पाठ एखाद्या पाइपाला किंवा पत्र्याला टेकते, बटण दाबलं जातं आणि गोटी खाली. फिरण्याची दिशा उलट-सुलट करायची कळसुद्धा तशीच वायरच्या जुडग्याला लागून स्वतःहून फिरते. मग आपण बोल्ट सोडवतोय असं समजून आवळत बसतो. बटण नसलेलं रॅचेट मिळालं तर ते बरं. नाहीतर गोटी आणि टोक यांच्या सांध्यावर टेपचा एक वेढा द्यावा.

खाली पडलेली गोटी सहसा जमिनीवर येतच नाही. इंजिनखालच्या प्लास्टिकच्या आवरणावर, नाहीतर सबफ्रेमच्या (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीच्या) खोबणीत जाऊन बसते. दुर्बिणीसारखं लांब होणारं लोहचुंबक दीड-दोनशे रुपयांत मिळतं, ते पेटीबरोबरच घ्यावं. अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर त्याला चिकटत नाही, हे लक्षात असू द्या. बोल्ट आत नेताना पडू नये म्हणून गोटीत टिश्यू पेपरचा तुकडा दाबून बोल्ट घट्ट बसवा, किंवा बोटभर ग्रीस लावा.

गोटीची लांबी साधारण २५ मिमी, वर रॅचेटचं डोकं, म्हणजे बोल्टच्या डोक्यापुढे साडेचार-पाच सेंमी मोकळे हवेत. तेवढे नसतील तर ही पेटी बाजूला ठेवा आणि १० व १२ चे रॅचेटवाले रिंग पाने घ्या, ज्यांचं डोकं सेंटिमीटरभरही जाड नसतं. त्यातही उलट फिरवायची कळ असलेलेच. बिनकळीचा पाना उलटा करून लावावा लागतो. आणि एक फसवणूक अशी, की बोल्ट सुटत सुटत बाहेर येतो, समोरच्या पत्र्याला पाना टेकतो, आता पाना निघत नाही आणि बोल्ट परत आत घालायला दिशा बदलता येत नाही. पाना बोल्ट आणि पत्रा यांच्यात अडकून बसतो.

स्पार्क प्लगसाठी हा सेट घेणार असाल तर थांबा. प्लगची गोटी यात नाही. नेहमीच्या प्लगला १६ मिमीची, आतून रबर किंवा चुंबक असलेली लांब गोटी लागते आणि हेडमधला खोल खड्डा गाठायला लांब एक्स्टेन्शन. मारुतीच्या जुन्या के-सीरिज पेट्रोल इंजिनांत फिल्टरची पेटी इंजिनाच्या माथ्यावरच बसते. ती काढायला आणि कॉइलचे १० चे बोल्ट सोडवायला हा सेट उत्तम, पुढे तीन-अष्टमांश इंची रॅचेट हवं. प्लग आत सोडताना रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून बोटांनी फिरवा. वाकडा लागला तर नळी घसरते, आटे वाचतात.

वायरींचे कनेक्टर काढायला तर कुठलाच सेट नाही. उष्णतेने प्लास्टिकची जीभ ठिसूळ झालेली असते. आधी कनेक्टर किंचित आत ढकला म्हणजे जिभेवरचा ताण जातो, मग जीभ दाबा, मग ओढा, आणि ओढताना वायर नव्हे, कनेक्टरचं अंग धरा. जीभ दिसत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढा. आरशात पाहून काम करताना दिशा उलटी दिसते. रॅचेट आत नेण्याआधी समोरच्या एखाद्या बोल्टवर लावून ते सोडवतंय की आवळतंय हे बघून घ्यावं.

आणि पाना आत घालायच्या आधी जागा करावी. बॅटरी आणि तिचा ट्रे, फिल्टरची पेटी, तिची नळी, एवढं काढायला या सेटने पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ओंजळभर जागा होते. बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा बल्बसुद्धा बॅटरी काढूनच नीट बदलता येतो. तासभर तिरक्या हाताने झटापट करून कोपर सोलून घेण्यात काही शहाणपण नाही. बॅटरीची आधी ऋण वायर सोडायची, कारण धन टर्मिनलवरचं रॅचेट पत्र्याला टेकलं तर ते वेल्डिंगसारखं चिकटतं. इंजिन गरम असताना पंख्याजवळ बोटं नकोत. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा सुरू होतो.

बिटांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, मऊ आहेत. गोट्यांवरचे आकडे पुसट असतात, १०, १२, १३ वर नेलपॉलिशचे वेगवेगळे ठिपके द्या. पेटीची बिजागरी वर्षभरात तुटते, रबर बँड लावा. पण पेटी टाकून गोट्या पिशवीत भरू नका. प्रत्येक नगाचा खाना ठरलेला आहे, आणि बोनेट लावण्याआधी एखादा खाना रिकामा दिसला तर तो नग कुठेतरी पट्ट्याजवळ पडलेला आहे. तो सापडेपर्यंत स्टार्टर मारू नये.