लायसन्स-फ्री वॉकीटॉकीच्या लायसन्सचे 7,200 रुपये

44,700 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरात हा आकडा सांगायला मला दोन आठवडे लागले.

जूनमध्ये आम्ही चार गाड्या घेऊन श्रीनगरहून झोजिला घाटामार्गे लेहला जाणार होतो. आम्ही, दीर-जाऊ, नणंदेची फॅमिली, आणि चौथी गाडी नवऱ्याच्या मित्राची, त्यात माझे सासरे. आमच्यातल्या निम्म्या लोकांची सिमकार्डं प्रीपेड, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड काश्मीर-लडाखमध्ये चालत नाही हे जे जाऊन आलेत त्यांना माहितीच आहे. पोस्टपेडलाही मधेच रेंज जाते. म्हणून गाडी-टू-गाडी बोलायला वॉकीटॉकी घ्यायचे ठरलं आणि ती जबाबदारी मी घेतली. कोणी माझ्यावर ढकलली नव्हती, मीच घेतली.

सोशल मीडियावर एक पेज सापडलं. 'कॉन्व्हॉय किट, सहा सेट, रेंज 15 किलोमीटर, 100 टक्के लायसन्स-फ्री', बाकी भाषा तुम्हाला पाठ असेल. मी एकदम पैसे नाही पाठवले हो, चार दिवस बोलत होते, व्हिडिओ कॉलवर सेट चालू करून दाखवायला लावले, जीएसटी नंबर असलेलं बिल मागितलं, ते पण आलं. सहा सेटचे 28,500. प्रत्येक गाडीचे 7,125 सगळ्यांनी मला दिले आणि मी पुढे पाठवले.

दोन दिवसांनी रात्री साडेदहाला मेसेज आला, लायसन्स फी प्रति सेट 1,200, म्हणजे 7,200.

इथे थांबा. हा चॅट माझ्याकडे अजून आहे. त्याच्याखाली माझाच मेसेज आहे, 'पर ये तो लायसन्स-फ्री है ना?' म्हणजे मला कळलं होतं. प्रश्न बरोबर पडला होता, बोटांनी टाइपही झाला होता. त्याचं उत्तर आलं, 'मॅडम सेट फ्री है, फ्रिक्वेन्सी नहीं. आर्मी एरिया में पकडे गये तो आपकी जिम्मेदारी.' आणि मी घाबरले. सासरे सोबत, मुलं सोबत, पुढे आर्मीचा रस्ता. दहा मिनिटांत पैसे पाठवले. ज्या गोष्टीला लायसन्स लागत नाही म्हणून ती विकत घेतली, तिच्याच लायसन्सचे पैसे मी भरले, आणि तेही माझ्या खात्यातून, नवऱ्याला न सांगता, कारण तो म्हणाला असता की आधी नीट चौकशी का नाही केली. दुसऱ्या दिवशी 'फ्रिक्वेन्सी डिपॉझिट' 9,000, ट्रिपहून आल्यावर सात दिवसांत परत. तेही भरले. एकदा 7,200 गेले की माणूस ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे भरतो.

बदल्यात एक पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, मधे माझं नाव, 'परमिशन होल्डर'. मी त्याच्या चार कलर प्रिंट काढून प्रत्येक गाडीत ठेवल्या.

आता नीट वाचा. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी पॉवरचे सेट वापरायला वापरणाऱ्याला लायसन्स लागत नाही, 2018 च्या नियमात तसं आहे. लागतं ते ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, आणि ती त्या मॉडेलसाठी बनवणारा किंवा आयात करणारा घेतो. ती तुमच्या-माझ्या नावाने निघत नाही. अशा सेटसाठी तुमच्या नावाचा कागद कोणी देत असेल तर तो कागद खोटा. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

सेट निघायच्या तीन दिवस आधी आले. बिल्डिंगच्या पार्किंगमधून तिसऱ्या मजल्यावर बोलून बघितलं, खणखणीत आवाज, सगळे खूश. तीन मजल्यांवर कुठलाही सेट चालतो. टेस्ट करायची तर गाड्या खरंच लांब नेऊन, काचा बंद करून करा, कारण गाडीच्या पत्र्यात हातातल्या सेटची ताकद अजून कमी होते. आणि या सिग्नलला मधे डोंगर आला की संपलं, त्यामुळे घाटात 15 किलोमीटरची भाषा करणारा माणूस सरळ खोटं बोलतोय.

झोजिलात चौथी गाडी पंक्चर झाली. सासरे त्या गाडीत. मित्र सेटवर ओरडतोय, आम्ही दोन वळणं पुढे, आणि आमच्या सेटवर नुसती खरखर. आम्हाला वाटलं मागेच आहेत. पन्नास मिनिटांनी पुढच्या चेकपोस्टला थांबलो तेव्हा कळलं की गाडी नाहीये. सासऱ्यांना बीपी आहे, एवढ्या उंचीवर ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होते. हे आठवलं की अजून हात थरथरतात.

त्या रात्री कारगिलला हॉटेलच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या ग्रुपमधले एक काका भेटले, हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे, रीतसर परीक्षा देऊन लायसन्स घेतलेले. त्यांनी सेट हातात घेतला, उलटा केला, बॅटरी काढली. मागे पांढरा स्टिकर होता, त्यावर 446.00625. त्यांनी नखाने कोपरा उचलला. खाली दुसरं लेबल, जुनं, छापील, 462.5500 ते 467.7125. हे अमेरिकेत सामान्य लोकांना मोकळे असलेले चॅनल, आपल्याकडे नाहीत. काका एवढंच म्हणाले, 'ताई, हे बंद करा आणि बॅगेत टाका, इथे तर अजिबात वापरू नका.' सहाच्या सहा सेटवर तोच डबल स्टिकर. तो पांढरा स्टिकर घरीच उचलून बघायला मला एक सेकंद लागला असता. नवीन वस्तूवर लेबल वाकडं चिकटवलेलं होतं, मी ते पाहिलं होतं.

आणि विकणाऱ्याने 'प्रायव्हसी कोड टाकलाय, कोणी ऐकू शकत नाही' म्हणून सांगितलं होतं, तेही खोटं. कोडमुळे फक्त दुसऱ्यांचा आवाज तुमच्या सेटवर येत नाही, तुमचं बोलणं त्या चॅनलवर कोणीही ऐकू शकतं.

आल्यावर डिपॉझिट मागितलं तर ब्लॉक. मग बिल पुन्हा काढलं. पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबर 24 ने सुरू. पहिले दोन आकडे राज्याचा कोड असतो, 24 गुजरात, दिल्ली 07. मी 11 वर्षं अकाउंट्समध्ये काम करते, दिवसाला असे शंभर नंबर डोळ्याखालून जातात, ऑफिसच्या बिलावर असतं तर लगेच पकडलं असतं. जीएसटी पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याच्या माणसाचा निघाला. ही तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, पैसे पाठवायच्या आधी करा.

मग पोलीस चौकी. तिथे पहिला प्रश्न काय, तर 'तुमच्याकडे वॉकीटॉकी कशासाठी? परवानगी आहे का?' मी फसवणुकीची तक्रार द्यायला गेले आणि पाऊण तास मीच उत्तरं देत बसले. साहेब म्हणाले की जास्त ताणलंत तर तुमच्यावरच केस होईल. बाई आहे, घाबरेल आणि जाईल, हाच हिशोब. दुसऱ्यांदा नवऱ्याला घेऊन गेले तर म्हणे हे ग्राहक मंचाचं काम. तिसऱ्यांदा अर्जाच्या तीन प्रती मागितल्या, दिल्या, पोच दिली नाही. चौथ्यांदा ज्यांच्याकडे अर्ज होता ते रजेवर. बँकेत मॅडमनी स्क्रीनकडे बघतच सांगितलं, 'तुम्ही स्वतःच पिन टाकलाय ना?' हो, टाकलाय! फसवणूक अशीच होते, पिन टाकायला लावूनच! मग मला म्हणाली फॉर्म भरा, भरला, तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर, व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला. खोट्या अशोकस्तंभाचा कागद मी चार टेबलांवर दाखवला, एकाही माणसाने तो हातात घेऊन पूर्ण वाचला नाही. सरकारी शिक्का खोटा छापलाय, याचं कोणाला काहीच वाटू नये?

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन त्याच दिवशी करा, त्याच तासात. मी पैसे गेल्यावर 19 दिवसांनी केला, कारण मला फसवलं गेलंय हेच कळलं नव्हतं, आणि तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. वस्तू खोटी निघाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीसाठी सूचना काढल्यात, विकणाऱ्याने फ्रिक्वेन्सी आणि ईटीए स्पष्ट द्यायला हवं. देत नसेल तर घेऊ नका. चॅट डिलीट करू नका, डबल स्टिकरचा फोटो काढा, मी काढलाय.

लेहपर्यंत मग आम्ही ठरावीक ठिकाणी थांबत गेलो, सगळ्यात सावकाश चालवणारी गाडी पुढे, आणि मागची दिसेपर्यंत पुढच्याने निघायचं नाही. एकही रुपया लागला नाही.

नणंदेचे आणि दिरांचे 7,125 मी परत केले, मित्राने घेतले नाहीत. सासऱ्यांना 44,700 चा आकडा मागच्या रविवारी सांगितला. त्यांनी फक्त विचारलं, तो कागद ठेवलायस ना. ठेवलाय. सोमवारी तो घेऊन पाचव्यांदा चौकीत जातेय, आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.